आधी डोंगर, मग बाग, शेवटी गाव

निफाड तालुक्यातलं एक द्राक्षबागायतदार कुटुंब 2025 च्या मे महिन्यात इटलीला जायचं म्हणून माझ्याकडे आलं, तेव्हा त्यांच्या हातात कुठल्याशा कंपनीचं पत्रक होतं. एका दिवसात पॉम्पेई हे राखेखाली गाडलं गेलेलं रोमन गाव, व्हेसुव्हियस ज्वालामुखी आणि वाइन. सकाळी नऊला पॉम्पेई, दुपारी बाराला ज्वालामुखी, तीनला बागेत जेवण आणि तीन पेले वाइन, सहाला नापोलीत, म्हणजे नेपल्समध्ये, परत. "ताई, हेच करून द्या, फक्त गाडी आपल्या माणसांपुरती असू द्या," एवढंच मागणं होतं.

मी मराठी कुटुंबांच्या छोट्या सहली आखून देते आणि जमलं तर सोबतही जाते. पत्रकात तसं चुकीचं काही नव्हतं. फक्त ते ज्या माणसासाठी लिहिलं होतं तो चढणारा, पिणारा आणि समोर येईल ते खाणारा होता. माझ्यासमोर बसलेल्या सात जणांत तसा एकही नव्हता.

अप्पा बहात्तर वर्षांचे, माळकरी. माई त्यांच्याहून चार वर्षांनी लहान, दोन्ही गुडघे दुखरे, शिवाय कांदा-लसूण नाही. थोरला मुलगा बाग बघतो. थॉमसनची बाग, माल खायच्या द्राक्षाचा, वाइनचा नाही. त्याची बायको, पंधरा वर्षांची मुलगी. धाकटा पुण्यात कंपनीत आणि त्याची बायको. वाइन घेणारी माणसं दोनच: धाकटा आणि त्याची बायको. थोरला म्हणाला, "मी वास घेईन." अप्पांनी तर आधीच सांगून टाकलं होतं, "प्यायची नाही, पण त्यांची बाग बघायची. तेवढ्यासाठी येतोय."

हे वाक्य मी पहिल्या भेटीत ऐकलं आणि वहीत लिहिलंही नाही. आखणी निम्मी झाल्यावर ते आठवलं, आणि तिथून सगळा दिवस पुन्हा मांडायला घेतला.

आधी पक्क्या गोष्टी सांगते. मुक्काम नापोलीत. त्याच दिवशी संध्याकाळी साडेसातच्या सुमाराची रोमची जलद गाडी काढलेली, ती चुकवायची नाही. दिवस गुरुवारचा. आदल्या दिवशी बुधवारी नापोलीचं पुरातत्त्व संग्रहालय. ते मंगळवारी बंद असतं. पंचांग पाहिलं, एकादशी येत नव्हती. गाडी ड्रायव्हर सोडून आठ जणांची. सात ही माणसं आणि आठवी मी. म्हणजे पॉम्पेईच्या गाइडबाईंना गाडीत जागाच नाही, त्या दारावर भेटणार. इटलीत स्मारकाच्या आत माहिती सांगायला परवानाधारक गाइड लागतो. ड्रायव्हर कितीही गप्पिष्ट असला तरी त्याचं काम दाराशी संपतं.

नकाशावर हे सगळं हाताच्या अंतरावर दिसतं. नापोलीपासून पॉम्पेई पंचवीस किलोमीटर, डोंगर मधोमध, बोस्कोत्रेकाझे आणि तेर्झिन्योच्या बागा डोंगराच्या दक्षिण-पूर्व अंगाला. घोळ अंतराचा नसतो, दारांचा असतो. व्हेसुव्हियसच्या वाटेचं तिकीट वेळ ठरवून ऑनलाइनच घ्यावं लागतं. वर खिडकी नाही आणि मोबाइलला रेंजही धड नाही, त्यामुळे तिकीट आधीच उतरवून ठेवायचं. पॉम्पेईत 15 नोव्हेंबर 2024 पासून दिवसाला वीस हजार माणसांची मर्यादा आहे आणि तिकिटावर प्रत्येकाचं नाव असतं. एप्रिल ते ऑक्टोबर त्या वीस हजारांची वाटणी अशी: सकाळी नऊ ते एक पंधरा हजार, दुपारी एकनंतर फक्त पाच हजार.

नावाचा मुद्दा आपल्याकडच्या माणसांना क्षुल्लक वाटतो, पण तिथेच गाडी अडते. माईंच्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मधे, आधारवर नाही, आणि धाकट्यानं विमानाच्या तिकिटात तिसरंच काहीतरी भरलेलं. मी सातही पासपोर्टांचे फोटो मागवले आणि त्यातलंच अक्षर न् अक्षर तिकिटांवर टाकलं.

आता क्रम. बहुतेक सहलींत सकाळी पॉम्पेई असतं आणि वाइन शेवटी, आणि त्यामागचा हिशेब खोटा नाही. ऊन चढायच्या आत दगडी रस्ते उरकायचे, डोंगर दुपारी, आणि पेला हातात आला की पुढे चालायचं काही उरू नये. पण इथे पाच जण पिणारच नव्हते. शेवटी वाइन ठेवून त्या पाच जणांना मी काय देणार होते? थकून बागेत बसायचं, आणि दुसऱ्याच्या पेल्याकडे बघत दीड तास काढायचा. शिवाय पत्रकाप्रमाणे डोंगर भर दुपारी येत होता. मेअखेरीस तिथे दुपारकडे कड्यावर ढग जमायला लागतात आणि वाहनतळावर बसगाड्यांची रांग लागते.

म्हणून उलटं केलं. नऊच्या वेळेला व्हेसुव्हियस. साडेअकरापर्यंत बाग, दोनपर्यंत जेवण. अडीचला पॉम्पेई, पाचला बाहेर, सहाला नापोली. दुपारचं पॉम्पेई उन्हाचं खरं, पण पाच हजारांचं. सकाळच्या पंधरा हजारांत माईंना घेऊन फिरण्यापेक्षा टोपी आणि पाण्याची बाटली घेऊन दुपारी फिरणं मला बरं वाटलं. निफाडच्या माणसाला सत्तावीस अंश म्हणजे ऊन नव्हेच.

या क्रमाचं खरं कारण मात्र वेगळंच होतं. आधी डोंगर बघायचा, मग त्या डोंगरानं केलेली माती, त्या मातीतली जिवंत वेल, आणि शेवटी त्याच मातीखाली दोन हजार वर्षांपूर्वी गाडली गेलेली वेल. अप्पांनी जे मागितलं होतं ते यातच होतं. तिन्ही ठिकाणांना सारखा वेळ द्यायचा हट्ट मी सोडून दिला. डोंगराला दीड तास पुरे. पॉम्पेईचा पश्चिमेकडचा मोठा भाग वगळला. धाकट्याला मिस्टरीजचा बंगला, म्हणजे भित्तिचित्रांचं ते प्रसिद्ध जुनं घर, बघायचा होता, तोही नाही म्हणून सांगितलं. वेळ सगळा बागेला आणि गावाच्या पूर्वेकडच्या टोकाला.

निघायच्या दहा दिवस आधी धाकट्याचा फोन. नापोलीच्या बाजूला भूकंपाचे धक्के बसल्याची बातमी होती. "ताई, ज्वालामुखीवर जायचं की नाही?" धक्के खरे होते, पण ते कांपी फ्लेग्रेईचे, नापोलीच्या पश्चिमेला, तो वेगळा ज्वालामुखी आहे. त्याचा इशारा पिवळ्या पातळीवर होता, व्हेसुव्हियसचा हिरव्या, म्हणजे सगळ्यात खालच्या. व्हेसुव्हियसवर नजर ठेवणारी वेधशाळा 1841 सालची, जगातली अशी सगळ्यात जुनी, आणि आज डोंगराभोवतीच्या धोक्याच्या पट्ट्यात सुमारे सात लाख माणसं राहतात. हे सगळं मी त्याला सांगितलं. तो गप्प झाला, पण त्याच्या बायकोनं रद्द करता येणारं तिकीट आहे का ते विचारलंच.

पहिली चूक बुधवारी झाली, आणि ती पूर्ण माझी. संग्रहालयात मला त्यांना एकच गोष्ट दाखवायची होती: पॉम्पेईत 1938 साली सापडलेली हस्तिदंती बाई, साधारण वीतभर उंचीची, अंगावर दागिने, दोन्ही बाजूंना छोट्या दासी. लोक तिला लक्ष्मी म्हणतात; अभ्यासकांचं मत यक्षीकडे झुकतं. अशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती भोकरदनला आणि तेरला मिळाल्या आहेत, आणि थोरल्या वहिनींचं माहेर भोकरदन तालुक्यातलं. मी मनात नुसती खूश होते. विसरले ते एवढंच की ही मूर्ती संग्रहालयाच्या 'गुप्त दालना'त आहे, आणि त्या दालनातली बाकीची चित्रं आणि वस्तू शृंगारिक आहेत हे माळकरी माणसाला आणि पंधरा वर्षांच्या नातीला आधी सांगायला हवं होतं. अप्पा आत शिरले, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि थेट मूर्तीच्या काचेसमोर जाऊन उभे राहिले. नजर तिथून हलवली नाही. बाहेर आल्यावर म्हणाले, "बाई आपल्याकडची आहे खरी. शेजार बरा नाही मिळाला तिला."

वहिनी मात्र काचेशी बराच वेळ थांबल्या. मी त्यांना सांगितलं की रोमन काळातल्या ग्रीक खलाशांच्या एका प्रवासनोंदीत भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात वाइन आहे, त्यातही इटलीची जास्त पसंत, आणि त्याच भडोचला पैठण आणि तेरहून गाड्या भरून माल जायचा. म्हणजे इकडून बाई गेली आणि तिकडून वाइन आली. "मग आपल्याकडे तेव्हा कुणी पीत होतं?" मुलीनं विचारलं. अप्पांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

गुरुवारी पावणेआठला निघालो. सामान नापोलीच्या हॉटेलातच ठेवलं. भरलेली गाडी दिवसभर वाहनतळावर उभी करणं मला कधीच पटत नाही. साधारण हजार मीटर उंचीपर्यंत रस्ता जातो, तिथून दीडशे मीटरच्या आसपास चढ, भुसभुशीत खडीवरून. आम्ही नऊला पाच कमी असताना दाराशी, आणि दार बंद. वर वारा फार. असं होतं. वारा, धुकं किंवा वीज असेल तर वर सोडत नाहीत, आणि त्यात वाद घालण्यासारखं काही नसतं. पाऊण तास उभे होतो. माई गाडीत बसल्या होत्या, त्यांनी डबा काढला. घरच्या दशम्या, इटलीत सातव्या दिवशीही मऊ.

त्या पाऊण तासात मी मनात कात्री चालवत होते. डोंगर सोडायचा? की जेवण तुटकं करायचं? माझ्या वहीत आधीच लिहिलेलं होतं की साडेदहापर्यंत दार उघडलं नाही तर डोंगर सोडून खाली उतरायचं. ही वेळ आदल्या रात्री थंड डोक्यानं ठरवलेली बरी. दाराशी उभं राहून ठरवायला गेलं की "अजून दहा मिनिटं" करत अख्खी सकाळ जाते.

पावणेदहाला सोडलं. माई खाली, वहिनी त्यांच्यासोबत. चढताना सगळ्यात पुढे अप्पा, सगळ्यात मागे पुण्याचा धाकटा, दर वळणावर फोटो काढायच्या निमित्तानं थांबणारा. कड्यावर पोचलो तेव्हा ढग आत भरलेला. पाच मिनिटं पांढरं, मग एकदम फाटलं आणि खाली तो प्रचंड खड्डा, कडेच्या खडकांतून बारीक वाफ. मी 1944 च्या मार्चबद्दल सांगितलं, शेवटच्या उद्रेकाबद्दल: युद्ध चालू, सान सेबास्तियानो गावात लाव्हा शिरला, आणि पायथ्याच्या धावपट्टीवरची अमेरिकेची ऐंशीच्या आसपास विमानं राखेनं निकामी झाली. अप्पा वाकून खडी बघत होते. काळी-तांबूस, भाजक्या विटेसारखी हलकी. खिशात टाकणार तेवढ्यात मी थांबवलं. हे राष्ट्रीय उद्यान आहे, दगड न्यायचा नाही. "न्यायचा नाही, बघतोय," म्हणाले आणि तळहातावर चोळत राहिले.

आपला दख्खनही लाव्ह्याचाच, पण सहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचा. तो झिजून काळी चिकट माती झाली, पावसात पायाला धरणारी आणि मेमध्ये भेगाळणारी. इथला लाव्हा आणि राख कालची. अजून रेतीच आहे.

बागेत आम्ही सव्वाबाराला पोचलो, पाऊण तास उशिरा. जेवणाआधी तळघर आणि वाइन बनवायची यंत्रं दाखवायची असं मालकांचं ठरलेलं असतं. मी फोनवरूनच सांगितलं की यंत्रं नकोत, फक्त बाग. त्यांना आश्चर्य वाटलं, कारण पाहुणे सहसा बागेत पाच मिनिटं फोटोपुरते जातात. आम्ही पाऊण तास बागेत होतो आणि तो पाऊण तास या सगळ्या आखणीतला सगळ्यात खरा.

थोरल्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "खुंट कुठला?" खुंट म्हणजे ज्याच्या मुळांवर वेलीचं कलम करतात ते झाड. निफाडकडे बाग म्हटली की डॉगरीजच्या खुंटावर कलम, पाणी कमी आणि जमीन खारावलेली, त्यामुळे वेल स्वमुळावर लावायला कुणी धजत नाही. मी इटालियनमध्ये विचारलं. मालकांनी मान हलवली आणि खोड दाखवलं. कलमच नाही. एकोणिसाव्या शतकात फायलॉक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीनं युरोपच्या बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हापासून जवळजवळ सगळीकडे अमेरिकी खुंटावर कलम करतात. पण या रेताड राखेत त्या किडीचं फावत नाही, म्हणून इथे जुन्या वेली अजून स्वतःच्या मुळांवर आहेत. एखादी वेल गेली तर शेजारच्या वेलीची लांब काडी वाकवून मातीत दाबतात आणि मुळं धरली की तोडतात. "दाब कलम!" अप्पा आणि थोरला एकदमच म्हणाले.

मग भाषांतराची फारशी गरज उरली नाही. वेली फुलोऱ्यात होत्या. आमच्याकडे एप्रिलची खरड छाटणी, नव्या काड्या फुटाव्यात म्हणूनची, होऊन नुकतंच सबकेन, म्हणजे त्या काड्यांचे शेंडे खुडणं, उरकलेलं, आणि पुन्हा ऑक्टोबरात फळासाठीची गोडी छाटणी. इथे वर्षातून एकदाच, हिवाळ्यात, वेल झोपलेली असताना छाटायचं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडायचं. वर्षात दोन छाटण्या हे ऐकून मालक जे हसले ते बराच वेळ हसले. त्यांना वाटलं मी भाषांतर चुकवलं. अप्पांनी एक कोवळा ताणा तोडून चावला. आंबटपणावरून त्यांनी काय ताडलं ते त्यांनाच ठाऊक, पण मान डोलावली.

पुढचा प्रश्न मला आधीच माहीत होता. "ताई, एक काडी नेता येईल का?" नाही. वेलीची काडी असो की मूठभर माती, आयातीचा परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला असल्याशिवाय भारतात आणता येत नाही. 2003 चा वनस्पती संगरोधाचा आदेश तसा आहे, आणि द्राक्षाच्या पट्ट्यात राहणाऱ्याला तो का आहे हे वेगळं सांगायला नको. थोरल्यानं काडीचे पानाफुलांसकट बारा फोटो काढले.

जेवणाचं मी तीन आठवडे आधी लिहून दिलं होतं. नुसतं शाकाहारी म्हणून भागत नाही. ताज्या पास्त्यात बऱ्याचदा अंडं असतं, काही जुन्या चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण असतं आणि लसूण तर हात मोकळा सोडून. म्हणून ठरवलं: ग्रान्यानो गावचा वाळवलेला पास्ता, तो फक्त गहू आणि पाण्याचा, त्यावर व्हेसुव्हियसचे टोकदार छोटे पिएन्नोलो टोमॅटो, जे घोस बांधून हिवाळ्यापर्यंत टांगून ठेवतात, ऑलिव्ह तेल, तुळशीसारखं ते बेसिलचं पान. माईंच्या ताटात लसूण नाही. सगळं बरोबर आलं, फक्त तुळशीच्या त्या पानावरून माई क्षणभर थबकल्या. सब्जाच्या जातीचं आहे म्हटल्यावर खाल्लं.

वाइन लाक्रिमा क्रिस्ती, म्हणजे ख्रिस्ताचे अश्रू. स्वर्गाचा एक तुकडा सैतानानं चोरून इथे आणला, तो बघून ख्रिस्ताच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पडलं तिथे वेल उगवली, अशी गोष्ट. लाल वाइन मुख्यतः पिएदीरोस्सो द्राक्षाची, पांढरी काप्रेत्तोने आणि कोदा दी वोल्पेची. कोदा दी वोल्पे म्हणजे कोल्ह्याचं शेपूट, घडाच्या आकारावरून. धाकटा आणि त्याची बायको दोघंच पीत होते, आणि माझी अट होती: तीनऐवजी दोन पेले, कारण पुढे अडीच तास दगडांवर चालायचंय. धाकटा नाराज झाला. त्याचं म्हणणं रास्तही होतं. या दिवसात त्याच्या वाट्याला सगळ्यात कमी आलं. पुढच्या वेळी अशा माणसासाठी एक बाटली बांधून घेईन आणि रात्री हॉटेलात उघडा म्हणेन. तेव्हा सुचलं नाही.

तीनला पॉम्पेई. मुख्य पोर्ता मरीना दारातून जाताना दगडी चढण लागते, म्हणून आम्ही पूर्वेच्या अँफिथिएटरच्या, म्हणजे खेळांच्या गोल प्रेक्षागृहाच्या, दारानं आत शिरलो. तिथून पायऱ्या टाळून गावात फिरवणारी सपाट वाट निघते. माईंसाठी ती, आणि बाकीच्यांसाठीही तीच, कारण मला जे दाखवायचं होतं ते सगळं याच कोपऱ्यात होतं. इसवी सन 79 साली गाडलेल्या या गावाचं उत्खनन 1748 ला सुरू झालं आणि आजही सुमारे एक तृतीयांश भाग मातीखालीच आहे, असं गाइडबाई सांगत होत्या. त्या चांगल्या बोलत होत्या, पण मी त्यांना आधीच विनंती केली होती की सम्राटांची यादी नको, शेतीचं सांगा.

पळून जाणाऱ्यांची बाग. तेरा माणसांचे प्लास्टरचे ठसे, काही मुलं. राखेत प्रेत कुजून जी पोकळी राहिली तिच्यात प्लास्टर ओतायची युक्ती उत्खननाचे प्रमुख फिओरेल्ली यांनी 1863 ला केली. मुलगी बराच वेळ बोलली नाही. ही माणसं पडली तीही एक द्राक्षाची बागच होती.

तिथून थोड्या अंतरावर, अँफिथिएटरजवळ, आज पुन्हा वेली लावलेलं मोठं शेत आहे. विल्हेल्मिना याशेम्स्की या अमेरिकी अभ्यासक बाईंनी इथे माणसांऐवजी झाडांच्या मुळांच्या पोकळ्या शोधल्या, त्या भरून ठसे काढले आणि दोन हजारांहून जास्त वेलींच्या जागा सापडल्या, प्रत्येकीशेजारी तिच्या आधाराच्या खांबाचं भोक. बागेतच घाणा, जमिनीत पुरलेले मातीचे मोठे रांजण आणि बसून प्यायची जागा. अँफिथिएटरमध्ये मारामारीचे खेळ बघायला आलेली गर्दी गिऱ्हाईक.

"दोन वेलींत अंतर किती?" थोरल्यानं विचारलं. गाइडबाई म्हणाल्या, साधारण चार रोमन फूट. अप्पांनी चप्पल काढली, कुंपणालगत वेलींच्या रांगेला समांतर टाचेला बोट लावत पावलं टाकायला सुरुवात केली. पुन्हा मागे आले, पुन्हा टाकली. "आपली नऊ बाय पाच फूट," ते थोरल्याला म्हणाले. "यांनी दाट लावली होती. मांडव नव्हता ना, खांबावरच चढवायची." मग दोघं पाण्याचं बोलायला लागले, एवढ्या दाट बागेला पाणी कुठून देत असतील याचं, आणि गाइडबाई माझ्याकडे बघायला लागल्या, कारण आता फोरम, म्हणजे गावाचा मुख्य चौक, राहिलं होतं आणि चार वाजून गेले होते.

फोरम आम्ही वीस मिनिटांत केलं. माईंनी दगडी चबुतऱ्यावर बसून त्याच्या पाठीमागचा डोंगर बघितला, जो सकाळी त्यांनी फक्त गाडीच्या काचेतून पाहिला होता. पाच वाजून दहा मिनिटांनी बाहेर, सहा पंचवीसला हॉटेलपाशी, आणि रोमच्या गाडीत बसल्यावर पंधरा मिनिटं हातात.